श्रावणात घरच्या कोंबड्यांची अंडी साठतात, त्यांचं काय करावं?

अंगणवेल
नमस्कार मंडळी. आम्ही सूस गावात राहतो. घरामागे मोकळी जागा आहे, तिथे खुराडं बांधलंय. सात आर.आय.आर. (ऱ्होड आयलंड रेड), तीन ग्रामप्रिया (दोन्ही जास्त अंडी देणाऱ्या जाती) आणि दोन गावठी अशा बारा जणी आहेत. एरवी रोजची आठ-नऊ अंडी घरात, शेजारी आणि नवऱ्याच्या ऑफिसात सहज जातात. पण गटारी झाली की सगळं अडतं. नवरा आणि मुलगी अनंत चतुर्दशीपर्यंत अंड्याला हात लावत नाहीत, सासूबाईंचा तर अख्खा चातुर्मास असतो. शेजारी आणि ऑफिसातही तेच. म्हणजे जवळपास दीड महिना घेणारं कुणी नाही आणि कोंबड्या घालतच राहतात. त्यांना कुठे तिथी-वार कळतात!

टाकून द्यायला माझा हात धजत नाही. एका अंड्याच्या कवचातच कोंबडीच्या अंगातलं २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं. तिने एवढं द्यायचं आणि आपण खड्ड्यात पुरायचं, हे मला पटत नाही.

तर मला तीन गोष्टी हव्या आहेत. अंडी न बिघडता किती आणि कशी टिकवता येतात, एकदम वीस-तीस अंडी लागतील असं काय काय करता येतं, आणि श्रावणात पुण्यात ती आनंदाने खाणारं कोण आहे. सासूबाईंच्या सोवळ्यामुळे स्वयंपाकघरात काही करायचं नाही, पण मागच्या पडवीत शेगडी आणि एक जुना छोटा फ्रीज आहे. तिथे कुणाची हरकत नाही.

पोटोबा
पत्ता आणि वेळ सांगा. पाव मी आणतो.

खुराडेवाला
अंगणवेल, टिकवण्याचं आधी सांगतो, कारण बाकी सगळं त्यावर आहे.

अंडी धुऊ नका. अंडं बाहेर येताना कवचावर एक पातळ ओलसर थर असतो, तो लगेच वाळतो. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती हा थर बुजवून ठेवतो. धुतलं की तो गेला. मग आतला ओलावा भराभर उडतो आणि बाहेरचे जंतू आत शिरायला वाट मोकळी होते. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्याने किंवा काथ्याने हलकं घासा. फारच घाण असेल ते धुऊन त्याच दिवशी वापरा.

फ्रीजमध्ये ठेवताना निमुळतं टोक खाली. हवेची पोकळी बोथट बाजूला असते, ती वर राहिली की बलक मध्यावर राहतो. दाराच्या कप्प्यात ठेवू नका, दार सारखं उघडतं आणि तापमान हलतं. आतल्या फळीवर ठेवा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घाला, पेनाने नको. न धुतलेली, ताजी फ्रीजमध्ये गेलेली अंडी चार-पाच आठवडे निर्धास्त वापरता येतात. श्रावण सरेपर्यंत पहिल्या दिवसाची अंडीसुद्धा चांगली राहतील. प्रश्न पुढच्या गणपतीच्या पंधरवड्याचा आहे.

आणि खुराडं कोरडं ठेवा. पावसाळ्यात अंड्याला घाण लागते ती ओल्या तुसामुळे. घालायच्या पेटीत भाताचं तूस रोज हलवायचं, आठवड्याला बदलायचं.

निळी छत्री
पाण्यात टाकून बघायची युक्ती खरी आहे का? आई करते. तरंगलं की फेकते.

खुराडेवाला
खरी आहे, पण ती वय सांगते, नासलंय की नाही ते सांगत नाही. जसजसा ओलावा उडतो तशी आतली हवेची पोकळी वाढते. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, दोन-तीन आठवड्यांचं उभं राहतं, फार जुनं तरंगतं. तरंगणारं मीही घेत नाही. बाकीची एकेक करून वेगळ्या वाटीत फोडायची, वास घ्यायचा आणि मगच मोठ्या भांड्यात घालायची. तीस अंड्यांच्या फेट्यात एकतिसावं नासकं पडलं तर सगळंच गेलं.

ओव्हनबाई
खुराडेवाला यांना अनुमोदन. आता गणपतीच्या पंधरवड्याबद्दल. फ्रीझर आहे ना? मग काळजी सोडा.

अंडं कवचासकट गोठवायचं नाही, तडकतं. फोडून हलकं फेटायचं, फेस काढायचा नाही. नुसतं गोठवलं तर बलक गोठून चिकट गोळ्यासारखा होतो आणि वितळल्यावर मिसळत नाही. म्हणून पाचेक अंड्यांच्या कपभर मिश्रणाला अर्धा छोटा चमचा मीठ किंवा दीड मोठा चमचा साखर घालायची. मीठवाला डबा बुर्जीचा, साखरवाला केकचा, आणि डब्यावर तसं लिहून ठेवायचं, नाहीतर गोड बुर्जी खावी लागेल. नुसता पांढरा भाग काही न घालता उत्तम गोठतो. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून मग पिशवीत भरून ठेवता येतो. वापरताना रात्रभर फ्रीजमध्ये खाली काढून ठेवायचं, ओट्यावर नाही, आणि नीट शिजणाऱ्या पदार्थातच वापरायचं.

यात मला सगळ्यात आवडतं ते हे, की डिसेंबरात दिवस लहान होतात आणि घरच्या कोंबड्यांचं घालणं उतरतं. पुण्यात जूनमध्ये तेरा तासांहून जास्त उजेड असतो, डिसेंबरात अकराच्या आसपास. त्याच वेळी बाजारातली अंडी महागतात आणि नाताळच्या केकचा सीझन असतो. म्हणजे श्रावणाची अंडी नाताळाला. तुमच्याच कोंबड्यांची, तुमच्याच घरात.

अंगणवेल
ओव्हनबाई, हे फारच आवडलं. फ्रीझर छोटा आहे, पण फोडलेली अंडी जागा कमी घेतात हे डोक्यातच आलं नव्हतं. केकचं प्रमाण गावठी अंड्यांना कसं लावायचं? ती फारच लहान असतात.

ओव्हनबाई
नगावर जाऊच नका, वजनावर जा. बाजारातलं अंडं पन्नास-पंचावन्न ग्रॅमचं धरून कृती लिहिलेल्या असतात, गावठी अंडं चाळीसच्याही खाली असू शकतं. जुनी पद्धत सोपी आहे: जितकी अंडी करायची ती कवचासकट तराजूत ठेवा. त्याच वजनाचं लोणी, तेवढीच साखर, तेवढाच मैदा. अंडी लहान असोत की मोठी, केक बिघडत नाही. बेकिंग पावडर पाव किलो मैद्याला दोन सपाट छोटे चमचे. लिंबाची साल किसून घाला. गावठी बलकाचा रंग गडद असतो, केकला सुंदर पिवळा रंग येतो, वरून कुठलाही रंग घालावा लागत नाही.

सदाशिवकर
मला एक कळत नाही. घरात चातुर्मास पाळायचा आणि दारात कोंबड्याही पाळायच्या, हे जरा विसंगत नाही का? आमच्याकडे अंडं वर्षातून एकदाही येत नाही आणि काही अडत नाही.

अंगणवेल
सदाशिवकर, तुमच्या घरचा नियम तुमच्या घरी योग्यच आहे. आमच्याकडे कोंबड्या बाराही महिने असतात, खाणं मात्र काही महिने थांबतं. सासूबाई स्वतः अंडं खात नसल्या तरी सकाळी खुराडं त्याच उघडतात आणि आजारी कोंबडीला हळदीचं पाणी त्याच देतात. मला यात विसंगती दिसत नाही.

डेक्कनची मीना
सदाशिवकर, शिवाय विनाकोंबड्याची अंडी…

खुराडेवाला
मीनाताई, थांबा! कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते आणि त्यातून पिल्लू होत नाही, एवढी माहिती पुरे. अंडं शाकाहारी की मांसाहारी यावर इथे याआधी जेवढी चर्चा झाली तेवढी अंडी माझ्या खुराड्यात आजवर झाली नसतील. इथे अंडी संपवायची आहेत, वाद वाढवायचा नाही.

डेक्कनची मीना
बरं बरं, थांबले. 🙂 मग खायचं बोलते. ताजी अंडी उकडून सोलताना अर्धा पांढरा भाग कवचाला चिकटून जातो, त्याला काय करायचं? अंडाकरीला वीस अंडी सोलायची म्हणजे डोळ्यात पाणी.

रसायनी
मीना, ताज्या अंड्यातला पांढरा भाग कमी अल्कधर्मी असतो. जसजसे दिवस जातात तसा आतला कार्बन डायऑक्साइड कवचातून बाहेर पडतो, अल्कता वाढते आणि पांढऱ्याची आतल्या पडद्यावरची पकड सुटते. म्हणून आठवडा-दहा दिवसांची अंडी सहज सोलली जातात. ताजीच वापरायची असतील तर उकडू नका, वाफवा. इडलीपात्रात पाण्याला खळखळून वाफ आल्यावर अंडी ठेवायची, बारा-तेरा मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. एका वेळी वीस होतात आणि कवच पापुद्र्यासारखं निघतं. बलकाभोवती हिरवट कडं येतं तेही टळतं, ते जास्त शिजल्यावर गंधक आणि लोह एकत्र येऊन होतं. खायला अपाय नाही, दिसायला मात्र वाईट.

कॅम्पातला मुक्काम
खूप अंडी एकदम लागणारा पदार्थ विचारलात, तर पारशी स्वयंपाकघरात डोकावा. आम्ही लहानपणी कॅम्पात पारशी शेजारात वाढलो. त्यांच्याकडे कुठल्याही भाजीवर अंडं फोडतात, त्याला पर ईडू म्हणतात. भेंडी पर ईडू, टमाटा पर ईडू, सळी (बटाट्याच्या तळलेल्या काड्या) पर ईडू. पसरट तव्यात भाजी परतून सपाट करायची, डावाच्या पाठीने खड्डे करायचे, प्रत्येक खड्ड्यात एक अंडं, वर झाकण, मंद आच. पांढरा भाग धरला आणि बलक जरा हलता असला की उतरवायचं. मोठ्या तव्यात बारा अंडी सहज बसतात.

दुसरं लगन नु कस्टर्ड. दूध आटवायचं, साखर, भरपूर अंडी, वेलची-जायफळ, वर चारोळी-बदाम, आणि ओव्हनमध्ये वरून तपकिरी होईपर्यंत भाजायचं. नावाप्रमाणे लग्नातला पदार्थ. अनंत चतुर्दशीनंतर पहिल्या रविवारी करा, तीन लिटर दुधाचं केलंत तर तुमच्या फ्रीजमधला मोठा ढीग एका दिवसात उतरेल.

निळी छत्री
पर ईडूसारखं आमच्याकडे कोकणात शेवग्याच्या पाल्यात करतात. पाला कांद्यावर परतायचा, ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालायची, वर अंडी फोडून ढवळायची. पावसाळ्यात शेवगा हिरवागार असतो. आणि अंडाकरीसाठी अंडी उकडत बसायची गरजच नाही. रस्सा उकळायला लागला की आच कमी करून त्यातच एकेक अंडं अलगद सोडायचं, न ढवळता झाकायचं. सोलायची कटकट नाही आणि रस्सा अंड्यात मुरतो. आई याला फोडलेल्या अंड्यांचं कालवण म्हणते.

पोटोबा
हे वाचताना श्रावण पाळणाऱ्यांची परीक्षाच आहे. मी पाळतो, माझी कीव करा.

रोहिडा
आमच्या हैदराबादच्या मित्राच्या घरी अंड्याचं लोणचं करतात. उकडलेली अंडी, तिखट, मोहरी, लिंबू, भरपूर तेल. बरणीत भरून ओट्यावर ठेवतात, महिनाभर चालतं म्हणे.

रसायनी
रोहिडा, ओट्यावर मुळीच नको. उकडलेलं अंडं म्हणजे घट्ट, कमी आम्लाचं, आणि तेलाखाली त्याला हवा लागत नाही. बोट्युलिझम म्हणजे जीवघेणी अन्नविषबाधा, तिचं विष करणारा जंतू नेमका अशाच जागी वाढतो. आंबट पाणी आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, बाहेरून लोणचं दिसलं तरी बलक तसाच असतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९९७ मध्ये घरी केलेल्या अंड्याच्या लोणच्यामुळे एक जण बोट्युलिझमने गंभीर आजारी पडला होता. त्याने अंड्यांना टोचे मारून बरणी बाहेर, उन्हात ठेवली होती. या विषाला वास नसतो, चव नसते. लोणचं करायचं तर अंड्याला भोकं पाडायची नाहीत, बरणी पहिल्या दिवसापासून फ्रीजमध्ये ठेवायची आणि थोडं करून संपवायचं.

रोहिडा
बापरे. मित्राला आत्ताच फोन करतो.

सासवडकर
जुनी माणसं फ्रीज नसतानाही अंडी टिकवायची. चुन्याच्या निवळीत ठेवायची. लिटरभर पाण्यात तीसेक ग्रॅम चुना कालवायचा, त्यात न धुतलेली, न तडकलेली अंडी बुडवायची. चुना कवचाची छिद्रं बुजवतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की जंतू वाढत नाहीत. महिनोन्‌महिने राहतात.

खुराडेवाला
सासवडकर, पद्धत जुनी आहे हे खरं, पण मी ती सुचवणार नाही. चुना बाहेरचे जंतू अडवतो. साल्मोनेला हा विषबाधा करणारा जंतू कधीकधी कोंबडीच्या अंगातूनच अंड्याच्या आत येतो, तिथे निवळी पोचत नाही. आणि पुण्यातल्या ऑक्टोबर हीटमध्ये ती बरणी बाहेर महिनोन्‌महिने राहणार. ज्याच्याकडे फ्रीज आणि फ्रीझर आहे त्याने ही जोखीम का घ्यावी?

सासवडकर
फ्रीज असताना घ्यायची गरज नाही, हे मान्य. वीज जाणाऱ्या वाडीवर मात्र आजही काही जण करतात, म्हणून सांगितलं. अंडं पूर्ण शिजवूनच खातात.

मातीतला माणूस
बागवाल्यांच्या उपयोगाचं एक सांगतो. अंडी-लिंबू-गुळाचं संजीवक. बरेच सेंद्रिय शेतकरी करतात, मी गुलाबाला आणि कढीपत्त्याला देतो.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत दहा अंडी कवचासकट ठेवायची. ती बुडतील एवढा लिंबाचा रस ओतायचा, वीस-पंचवीस लिंबं लागतात. झाकण घट्ट लावायचं नाही, कारण लिंबाचं आम्ल कवचातल्या चुन्यावर काम करतं आणि वायू सुटतो, बरणी फुगते. आठ-दहा दिवसांत कवच विरघळून अंडं रबरासारखं मऊ होतं. मग हाताने कुस्करायचं, अंदाजे पाव किलो गूळ मिसळायचा आणि आणखी दहा दिवस सावलीत ठेवायचं. गाळून लिटरभर पाण्याला एक-दोन मिली एवढंच, पानांवर सकाळी किंवा संध्याकाळी फवारायचं. कवचातलं कॅल्शियमही विरघळून झाडाला मिळतं. लिंबं उन्हाळ्यात परवडत नाहीत, श्रावणात बाजारात ढीग असतो, म्हणजे वेळही जुळते. एक सूचना, बरणी घरात ठेवू नका. वास येतो आणि चांगलाच येतो.

अंगणवेल
मातीतला माणूस, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांच्या जास्वंदीवर आधी फवारायचं असा हुकूम सुटलाय. म्हणजे त्यांच्या देवाच्या फुलांना आमच्या कोंबड्यांचं खत, आणि त्यांना ते चालतंय.

डेक्कनची मीना
अंड्यांतून अवांतर. पुण्याला अंड्यांचं गाव म्हटलं तरी चालेल. व्यंकटेश्वरा हॅचरीज पुण्याची. डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली, तीही इथली. 'संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे' ही तिचीच जाहिरात. त्याआधी दर व्यापारी ठरवायचे आणि छोटा पोल्ट्रीवाला तोट्यात जायचा. भाव जाहीर करायला शेतकऱ्यांनी सुरुवात केली.

सासवडकर
त्यात गावठी कोंबडीचं काही आलं नाही पण. ती वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, तिला कोण विचारणार?

खुराडेवाला
सासवडकर, ती पिल्लं काढते, हे कसं विसरता? अंगणवेल, तुमच्या दोन गावठींपैकी एखादी खुडूक बसली तर तिच्याखाली अंडी ठेवा. आर.आय.आर. सहसा बसत नाही, गावठी नक्की बसते. मात्र अंडी फलित हवीत, म्हणजे कोंबडा हवा. नसेल तर ओळखीच्या कोंबडा असलेल्या घरातून दहा-बारा अंडी घ्या. बसवायची अंडी आठवड्याच्या आतली आणि फ्रीजमध्ये न ठेवलेली हवीत. एकविसाव्या दिवशी पिल्लं. खडकीच्या शासकीय अंडी उबवणी केंद्रातही चौकशी करता येते.

सासवडकर
श्रावणात पिल्लं? ओल असते, रक्ती हगवणीने मरतात. आमच्याकडे दसऱ्यानंतर बसवतात.

खुराडेवाला
ओल आहे, मान्य. पण सिमेंटच्या पडवीत कोरड्या तुसावर, डालग्याखाली, वर पत्रा असेल तर जगतात. रोज तूस बदलायची तयारी नसेल तर मात्र सासवडकरांचं ऐका.

अंगणवेल
कोंबडा नाही आणि आणणारही नाही, आजूबाजूला सोसायट्या झाल्यात आणि पहाटे चारला आरवला तर लोकांची झोपमोड होते. दसऱ्यानंतर अंडी मागून आणून बसवेन. पण माझा तिसरा प्रश्न राहिलाच की! खाणारं कोण आहे?

वारजेकर काकू
अंगणवेल, तुमच्या सूस-बाणेर पट्ट्यात इतकी बांधकामं चालू आहेत, तिथल्या कामगारांच्या वस्तीत विचारलंत का? मी काही वर्षं वारज्याजवळच्या एका वस्तीत मुलांसाठी उकडलेली अंडी नेते, म्हणून सांगते.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे बिहार-उत्तर प्रदेशातल्या लोकांचा सावन आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि राखीपौर्णिमेला संपतो. आपला श्रावण सुरू होतो तेव्हा त्यांचाही सावन चालू असतो, तेव्हा तेही बहुतेक खात नाहीत. पण नारळी पौर्णिमा झाली की त्यांचं सुटतं आणि आपलं पोळ्यापर्यंत चालू राहतं. बंगाली कुटुंबांना तर सहसा श्रावणाचा अडसर नसतो. तेलंगण-कर्नाटकातल्या कुटुंबांचा श्रावण मात्र आपल्याबरोबरच असतो, त्यांना आधी विचारायचं.

कच्ची अंडी देऊ नका. वस्तीत फ्रीज नसतो, एक पत्र्याची खोली आणि एक शेगडी. उकडून, कवचासकट, त्याच दिवशी सकाळी न्या. मुलं कवच स्वतः सोलतात, त्यामुळे हात लागत नाही. अंगणवाडीत किंवा मुकादमाशी आधी बोलून घ्या आणि वार ठरवा. एक दिवस पन्नास आणि मग पंधरा दिवस काही नाही, असं करू नका. दर बुधवारी पंचवीस दिलीत तरी मुलं वाट बघतात. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पाव-चहावर दुपार काढणाऱ्या मुलाच्या पोटात ती जाणं किती मोलाचं आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पोटोबा
काकू, मी पाव आणतो म्हणालो होतो तो खरंच आणेन. बुधवारी मला सुट्टी असते. पोचवायला गाडी आहे.

ओव्हनबाई
काकूंच्या प्रतिसादाची वाचनखूण साठवली. मी कोथरूडला आहे, इडलीपात्र मोठं आहे. वाफवायला मी तयार.

निळी छत्री
पुण्यात शिकायला आलेल्या ईशान्येच्या मुलांनाही श्रावण नसतो. माझ्या इमारतीत चार जणी राहतात. ट्रे नेलात तर ठेवून घेतील आणि पैसेही देतील. मी विचारून सांगते.

सदाशिवकर
आमच्या गल्लीत भटक्या कुत्र्यांना दूधपाव घालणारे आहेत. त्यांना अंडी देता येतील का? मला विचारायला संकोच वाटला, पण टाकण्यापेक्षा बरं.

खुराडेवाला
सदाशिवकर, अगदी योग्य विचारलंत. दूधपावापेक्षा अंडं कितीतरी चांगलं. फक्त शिजवून घाला. कच्च्या पांढऱ्या भागातलं एक प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व बांधून ठेवतं, शिजल्यावर ते निकामी होतं. आणि जी अंडी तडकली, पायाखाली आली, ती कोंबड्यांनाच बुर्जी करून घाला, विशेषतः पिसं गाळताना. त्यांना प्रथिन लागतं. मात्र कच्चं फुटकं अंडं समोर ठेवू नका, एकदा चव लागली की स्वतःचीच अंडी फोडून खायला लागतात. कवचं भाजून बारीक कुटून खाद्यात मिसळायची, तेही चालतं.

रसायनी
आणि अंडी वाटताना बाजारातले वापरलेले कागदी ट्रे घरी आणू नका. एका फार्मवरून दुसऱ्या फार्मवर रोग अशाच वस्तूंवरून जातात. महाराष्ट्रात २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू आला होता, तेव्हा सगळ्यांनी हे अनुभवलंय. स्टीलचे डबे, मध्ये कागदाचे गोळे. तुमच्या बारा जणींपर्यंत बाहेरचं काही पोचू नये.

अंगणवेल
सगळ्यांचे मनापासून आभार. मुकादमाशी आज बोलले. वस्तीत बिहारची आणि बंगालमधल्या मालद्याची कुटुंबं आहेत, लहान मुलं तीसेक. मालद्याच्या बायका लगेच तयार झाल्या. बाकीच्या म्हणाल्या, राखी झाल्यावर आणा. म्हणजे काकूंनी सांगितलं तसंच. पहिले दोन बुधवार मालद्याच्या मुलांपुरती आणि निळी छत्रीच्या मुलींना एक ट्रे, उरलेली गोठवायची, राखीनंतर सगळ्यांना. ओव्हनबाई, इडलीपात्र कधी नेऊ? आणि मीठवाल्या डब्यांना लाल झाकण, साखरवाल्यांना निळं, असं ठरवलंय.

ओव्हनबाई
मंगळवारी संध्याकाळी या, अंडी घेऊनच या. आठवड्यापूर्वीची आणा, सोलायला सोपी जातात. आजची नको.

वारजेकर काकू
मीठ-मिरपुडीच्या पुड्या बरोबर ठेवा. आणि कवचं गोळा करायला एक पिशवी न्या, मुलं अंगणभर टाकतात.